चोच वर वळलेली का? अव्होसेट आणि चिखलात जेवणारे पक्षी

अव्होसेट पक्ष्याचं चित्र पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, चित्रकाराचा हात चुकला. पक्ष्यांच्या चोची बहुधा सरळ असतात, नाहीतर खाली वळलेल्या. पोपट, गरुड, मैना कुणाचीही घ्या. अव्होसेटची चोच मात्र टोकाकडे वर जाते. काळी, साधारण ८ सेंटिमीटर लांब आणि शेवटी सुईइतकी बारीक. या चोचीने दाणा टिपायचा तर वळण आडवं येतं, चिखलात खुपसायची तर ती सरळ आत जाणार नाही, आणि मोठा मासा धरण्याइतका तिच्यात जोर नाही. तरीही हा पक्षी युरोप, आफ्रिका आणि आशियातल्या खारट पाणथळींवर शेकड्यांनी दिसतो आणि पोटभर खातो.

कारण ही चोच टोचायची नाहीच, ती फिरवायची आहे.

गुडघाभर पाण्यात अव्होसेट मान खाली घालून चालू लागतो. चोच किंचित उघडी असते, आणि चालता चालता तो डोकं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे झोकतो. टोकाकडचा वळलेला भाग पाण्यातून किंवा तळाच्या पातळ गाळातून फिरत राहतो. मधेच एखादी अळी, किडा किंवा इवलीशी कोळंबी चोचीला लागली की चोच मिटते आणि घास आत जातो. पाणी गढूळ असेल तर डोळ्यांना काहीच दिसत नाही, आणि दिसायची गरजही पडत नाही.

आता वळणाचा हिशोब लागतो. पक्षी उभा असताना त्याची चोच पाण्यात तिरकी जाते. ती सरळ असती तर तळाला फक्त टोक लागलं असतं आणि एका झोकात एक रेघ तेवढी तपासून झाली असती. टोक वर वळलेलं असल्यामुळे, मान झुकली की शेवटचा काही सेंटिमीटरचा भाग तळाशी जवळपास समांतर होतो. म्हणजे रेघेऐवजी पट्टा तपासला जातो. अंधारात जमिनीवर पडलेलं नाणं शोधताना आपण एक बोट ठिकठिकाणी टेकवत बसत नाही, सरळ तळहात फिरवतो. तोच हा प्रकार.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. वर वळलेली चोच म्हणजे झोकून खाणंच, असा नियम करता येत नाही. गॉडविट नावाच्या किनारी पक्ष्याची लांब चोचही जराशी वर वळलेली असते, पण तो ती मुळापर्यंत चिखलात खुपसतो. त्याचं वळण अगदी हलकं असल्यामुळे त्याचं भागतं. नुसता आकार पाहून सवय सांगायला गेलं की असं फसायला होतं. पक्षी खाताना पाहावाच लागतो.

दिसतो कसा

जगात अव्होसेटच्या चार जाती आहेत आणि चारही एकाच साच्यातल्या: उंच निळसर-करडे पाय, लांब मान, वर वळलेली चोच आणि काळ्या-पांढऱ्या रंगांची मांडणी. युरोप, आशिया आणि आफ्रिकेत आढळणारा काळा-पांढरा अव्होसेट लांबीला ४२ ते ४५ सेंटिमीटर असतो. अंग पांढरंशुभ्र, डोक्यावर काळी टोपी, ती मानेच्या मागच्या बाजूने खाली उतरलेली, आणि पंखांवर काळे पट्टे. उडताना हे पट्टे इतके ठसठशीत दिसतात की लांबूनही ओळख पटते. पिल्लं मोठी होताना जिथे काळं असायला हवं तिथे तपकिरी दिसतात.

अमेरिकी अव्होसेटचं डोकं आणि मान विणीच्या काळात गंजासारखी तांबूस होते आणि हिवाळ्यात फिकट करडी पडते. ऑस्ट्रेलियातल्या अव्होसेटचं डोकं गडद तांबडं असतं. चौथा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतांमधल्या उंच पठारांवर राहतो. समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरहून वर, पेरू, बोलिव्हिया, चिली आणि अर्जेंटिनाच्या खाऱ्या तलावांवर. चौघांत कमी पाहिला जाणारा तोच, कारण तिथे पोचणंच कठीण.

नर-मादी रंगाने सारखेच. चोच मात्र वेगळी असते: मादीची थोडी आखूड आणि जास्त वळलेली, नराची लांब आणि जरा सरळ. अमेरिकी जातीत हा फरक सरावलेल्या नजरेला सहज कळतो.

पायांबद्दल एक गैरसमज इतका पसरलेला आहे की तो दूर करायलाच हवा. या पक्ष्यांचे गुडघे उलटे वळतात, असं सर्रास म्हटलं जातं. ते गुडघे नसतात. पायाच्या मध्यावर दिसणारा तो सांधा म्हणजे घोटा. खरा गुडघा वर, पोटाच्या पिसांत लपलेला असतो आणि तो आपल्यासारखाच पुढे वळतो. पाण्याबाहेर दिसणारा लांबलचक भाग म्हणजे खरं तर ताणून लांब झालेलं पाऊल, आणि पक्षी चालतो तो बोटांवर.

अव्होसेटच्या बोटांमध्ये अर्धवट पडदेही असतात. त्यामुळे मऊ गाळात पाय कमी रुततात आणि पाणी खोल झालं तर तो सरळ पोहू लागतो. बदकासारखी शेपूट वर करून, डोकं खाली बुडवूनही खातो. त्याचा जवळचा नातलग शेकाट्या हे सहसा करत नाही. शेकाट्याचे गुलाबी पाय अंगाच्या मानाने अव्होसेटपेक्षाही लांब, चोच सुईसारखी सरळ, आणि खाण्याची पद्धत बरीचशी पाहून टिपायची. दोघे एकाच कुटुंबातले, एकाच डबक्यात शेजारी उभे, पण एक डोळ्यांनी जेवतो आणि दुसरा चाचपून.

डोळ्यांनी की चोचीने?

माझ्या मते चिखलातल्या पक्ष्यांना समजून घ्यायला हाच प्रश्न सगळ्यात कामाचा आहे. चोच किती लांब हा प्रश्न त्यानंतरचा. लांबी सांगते की पक्षी कुठपर्यंत पोचेल. तिथे काय आहे हे त्याला कसं कळतं, हे लांबीवरून कळत नाही.

त्याआधी एक फरक. पाण्यात उभे राहणारे सगळे पक्षी एका घराण्यातले नाहीत. बगळे, करकोचे आणि फ्लेमिंगो यांचे पाय लांब असले तरी त्यांची वंशावळ निराळी. फ्लेमिंगोचे जवळचे नातलग तर पाणडुबकीसारखे बुडी मारणारे पक्षी निघाले. अव्होसेट, शेकाट्या, टिटवी, तुतारी, पाणलावा, चिखल्या यांचं मोठं कुटुंब वेगळं, आणि कुरव व सुरय हे पक्षी त्यांच्या जवळचे. उथळ पाण्यात जगायचं तर लांब पाय कामाला येतात, म्हणून ते वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे आले. चमच्या हा पक्षीही अव्होसेटसारखीच चोच पाण्यात डावी-उजवीकडे झोकतो, पण त्याची चोच टोकाला चपटी आणि रुंद असते. नातं नाही, युक्ती मात्र तीच.

आता डोळ्यांनी जेवणारे पाहू. चिखल्या आणि टिटवी यांचे डोळे मोठे असतात आणि चोच आखूड. त्यांची चाल ठरलेली: चार पावलं पळायचं, एकदम थांबायचं, टक लावून पाहायचं, टोचायचं, पुन्हा पळायचं. थांबणं यात महत्त्वाचं आहे, कारण स्थिर नजरेला बारीक हालचाल पटकन टिपता येते. काही चिखल्ये एक पाय ओल्या वाळूवर थरथरवतात. खालचे किडे हलले की ते दिसतात. हे पक्षी एकमेकांपासून अंतर राखून खातात. गर्दी झाली तर शेजाऱ्याच्या पावलांनीच किडे बिळात दडी मारतील.

चाचपून खाणाऱ्यांचं गणित वेगळं. तुतारीच्या कुळातल्या बऱ्याच पक्ष्यांच्या चोचीच्या टोकाशी, हाडातच, बारीक खळगे असतात आणि त्यांत दाब व कंप ओळखणाऱ्या चेतापेशींच्या गाठी असतात. म्हणजे चोचीचं टोक हे आपल्या बोटाच्या टोकासारखं संवेदनशील. शिवाय पाणलाव्यासारखे पक्षी चोच मुळाशी न उघडता फक्त टोकाशी उघडू शकतात. पूर्ण चोच चिखलात रुतलेली असताना जबडा उघडायचा तर केवढा चिखल बाजूला सारावा लागेल! टोक तेवढं उघडलं की किडा पकडला जातो आणि तिथेच गिळायला सुरुवातही होते.

यातला सगळ्यात थक्क करणारा पक्षी म्हणजे नॉट. हा छोटासा किनारी पक्षी वाळूत पुरलेले शिंपले शोधून ते अख्खेच्या अख्खे गिळतो. कवच फोडायचं काम त्याच्या पोटातला स्नायूंचा पेषणीकोश करतो. पण शिंपले हलत नाहीत, आवाज करत नाहीत, मग सापडतात कसे? नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात पिंजऱ्यातल्या नॉट पक्ष्यांवर प्रयोग केले. ओल्या वाळूत त्या पक्ष्यांना चोच न लावताही जवळचा कठीण पदार्थ कळत होता, मग तो शिंपला असो की दगड. कोरड्या वाळूत मात्र ही शक्ती चालेना. नॉट चोच भराभर वाळूत दाबतो तेव्हा कणांमधलं पाणी ढकललं जातं. वाटेत कठीण वस्तू आली की त्या दाबाचा आकार बदलतो आणि चोचीच्या टोकाला तो बदल जाणवतो. शिंपल्याला स्पर्श न करताच शिंपला सापडतो.

चाचपणाऱ्यांना आणखी एक मोठा फायदा आहे: रात्र. समुद्राची ओहोटी सूर्य पाहून येत नाही. साधारण साडेबारा तासांनी ती परत येते आणि दर दिवशी वेळ पुढे सरकते. म्हणजे चिखल कधी भर दुपारी उघडा पडतो, तर कधी मध्यरात्री. ज्याला चोचीने कळतं त्याला रात्रीची ओहोटीही वाया जात नाही. चिखल्यासारखे डोळ्यांवर विसंबणारेही रात्री खातात, त्यांच्या मोठ्या डोळ्यांमुळे. अव्होसेट मात्र एकाच पद्धतीवर अडून राहत नाही: उजेड असेल आणि पाणी स्वच्छ असेल तर तो पाहूनही टिपतो, गढूळ झालं की झोकायला लागतो. दोन्ही पद्धती हाताशी ठेवणारा हा पक्षी आहे.

यापलीकडे काही अगदी निराळ्या तऱ्हाही आहेत. फॅलारोप नावाचा छोटा पक्षी पाण्यावर स्वतःभोवती गरगर फिरतो, त्यामुळे खालचं पाणी वर ओढलं जातं आणि त्यासोबत सूक्ष्म जीव वर येतात. मग चोचीच्या टोकात अडकलेला पाण्याचा थेंब, चोच उघडत-मिटत, तो तोंडाकडे चढवतो. ओढणं नाही, गिळणं नाही. पाण्याच्या पृष्ठताणावर थेंब सरकतो. म्हणूनच तेल किंवा साबण मिसळलेलं पाणी या पक्ष्याच्या जेवणावरच उठतं. तुतारीच्या कुळातला वेस्टर्न सँडपायपर तर चिखलावरचा शेवाळ-जिवाणूंचा बुळबुळीत थर खरवडून खातो. किडे खाणारा म्हणून ओळखला जाणारा पक्षी चिखलाची साय खातो, हे २००८ मध्ये पुढे आलं तेव्हा अनेक पक्षीतज्ज्ञ चकित झाले. न्यूझीलंडचा रायबिल सगळ्यांवर कडी करतो: त्याची चोच बाजूला, तीही उजवीकडे, वळलेली असते, आणि गोट्यांखालचे किडे काढायला ती वापरली जाते.

खारं पाणी कशाला?

अव्होसेट कुठल्याही पाण्यात राहत नाही. त्याला हवं असतं उथळ, उघडं आणि बहुतेक वेळा खारं पाणी: खाड्यांचे चिखलपट्टे, मिठागरं, वाळवंटातले तलाव. झाडी-गवत फार असलं की तो नको म्हणतो, आणि गाळ मऊ लागतो. खडे-गोटे असलेल्या तळावर चोच झोकायची म्हणजे चोचीचीच वाट.

खारटपणाचं कारण जेवणात आहे. समुद्रापेक्षा बऱ्याच जास्त खाऱ्या पाण्यात बहुतेक मासे तग धरत नाहीत. कॅलिफोर्नियातल्या मोनो तलावात एकही मासा नाही. मासे नसले की त्यांनी खाल्ले असते ते जीव मोकळे वाढतात: मिठाच्या पाण्यातली आर्टेमिया कोळंबी आणि खाऱ्या पाण्यावरच्या माश्यांच्या अळ्या. जाती थोड्या, संख्या मात्र अफाट. दाट आणि सगळीकडे सारखं पसरलेलं अन्न असलं की झोकून खाणं सगळ्यात फायद्याचं. दूर दूर एकेक किडा असता तर ही पद्धत परवडली नसती. अव्होसेट अनेकदा रांगेने, खांद्याला खांदा लावून, एकाच लयीत चोच झोकत पुढे सरकतात, तेही अन्न भरपूर असतं म्हणूनच. चिखल्याला हे शक्य झालं नसतं.

जास्तीचं मीठ बाहेर टाकायला किनारी पक्ष्यांच्या डोळ्यांजवळ मीठग्रंथी असतात. खारट द्रव नाकपुड्यांवाटे बाहेर येतो. त्याशिवाय हे पक्षी खाऱ्या पाण्याचे फार घोट घेतच नाहीत, बरंचसं पाणी त्यांना अन्नातूनच मिळतं.

पण खाऱ्या तलावांचा भरवसा नसतो. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातले तलाव वर्षानुवर्षं कोरडे पडून राहतात. कोळंबीची अंडी तळाच्या मातीत वाट पाहत असतात, पाऊस झाला की फुटतात. अव्होसेटचा नातलग पट्टेरी शेकाट्या किनाऱ्यावरून शेकडो किलोमीटर उडून तिथे नेमका पोचतो, हजारोंच्या वसाहती करतो आणि तलाव आटायच्या आत पिल्लं वाढवतो.

अव्होसेटचं घरटं म्हणजे उघड्या जमिनीवर उकरलेला उथळ खळगा, त्यात साधारण चार अंडी. सुमारे २३ ते २५ दिवसांनी पिल्लं निघतात. ती अंगावर लव घेऊनच येतात आणि काही तासांत चालू लागतात. आईवडील त्यांना भरवत नाहीत, फक्त ऊब देतात आणि राखण करतात, तीही त्वेषाने. जवळ आलेल्यावर ओरडत झेप घेतात, कधी पंख मोडल्याचं नाटक करून त्याला दूर नेतात. पिल्लाची चोच आखूड आणि जेमतेम वळलेली असते. त्यामुळे त्याचं पहिलं जेवण जास्त करून डोळ्यांनी टिपलेलं असतं.

पुस्तकातलं चित्र आणि खरा चिखल

बऱ्याच पुस्तकांत एक चित्र असतं: चिखलाचा आडवा छेद, वरच्या थरात आखूड चोचीचा पक्षी, मधल्यात मध्यम चोचीचा, आणि सगळ्यात खोल लांब, बाकदार चोचीचा कर्ल्यू. प्रत्येकाचा थर वेगळा, म्हणून भांडण नाही. चित्र खोटं नाही, पण जरुरीपेक्षा जास्त नीटनेटकं आहे. अन्न मुबलक असतं तेव्हा सगळेच वरचं, सहज मिळणारं खातात. थरांचा फरक दिसतो तो टंचाईत. शिवाय एकाच जातीतही चोची सारख्या नसतात. अनेक कर्ल्यूंमध्ये मादीची चोच नराच्या चोचीहून बरीच लांब असते. ऑयस्टरकॅचर या शिंपले खाणाऱ्या किनारी पक्ष्यात तर एकेक पक्षी वेगळा: शिंपले ठोकून फोडणाऱ्याच्या चोचीचं टोक बोथट, किडे ओढून काढणाऱ्याचं टोकदार. चोच सतत वाढते आणि झिजते, त्यामुळे पक्ष्याने खाणं बदललं की काही आठवड्यांत टोकाचा आकारही बदलतो. म्हणजे चोचीमुळे खाणं ठरतं, आणि खाण्यामुळे चोचही.

मात्र चोच काही मिलिमीटर कमी पडली तर काय होतं, याचं एक उदाहरण फार बोलकं आहे. रशियाच्या उत्तरेत वाढणारे नॉट पक्षी हिवाळ्यात पश्चिम आफ्रिकेतल्या मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर जातात. उत्तर ध्रुवाकडे बर्फ लवकर वितळू लागल्यामुळे किड्यांचा बहर पिल्लं निघण्याआधीच ओसरतो; अर्धपोटी वाढलेली पिल्लं लहान राहतात, त्यांची चोचही आखूड राहते. मॉरिटानियात चांगले शिंपले खोल पुरलेले असतात. आखूड चोचीच्या पक्ष्यांना तिथपर्यंत पोचता येत नाही, आणि त्यांच्यातले कमी जगतात. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. हवामान बदललं एका टोकाला, उपासमार झाली दुसऱ्या टोकाला.

आणि कधी कधी चिखलच नाहीसा होतो. दक्षिण कोरियात सेमानगम इथे ३३ किलोमीटरचा बांध २००६ मध्ये पूर्ण झाला आणि भरती-ओहोटीचे प्रचंड चिखलपट्टे समुद्रापासून तुटले. सैबेरियातून ऑस्ट्रेलियाकडे जाणाऱ्या पक्ष्यांचा तो थांबा होता. तिथे थांबणारे ग्रेट नॉट (नॉटचेच मोठे भाऊबंद) फार मोठ्या संख्येने घटले, आणि शेजारचे चिखलपट्टे त्यांना सामावून घेऊ शकले नाहीत. बाहेरून ओसाड दिसणारी ही जागा पक्ष्यांच्या दृष्टीने भरलेलं ताट असते. कॅनडातल्या फंडी उपसागराच्या चिखलात चौरस मीटरला हजारो इवले कवचधारी जीव असतात, आणि सेमिपालमेटेड सँडपायपर हा तुतारीच्या कुळातला छोटा पक्षी ते खाऊन दोन-तीन आठवड्यांत आपलं वजन जवळपास दुप्पट करतो. मग तो दक्षिण अमेरिकेपर्यंत समुद्रावरून न थांबता उडतो.

अव्होसेटची गोष्ट उलट दिशेने गेली. ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याची वीण संपली होती. दलदली आटवल्या गेल्या, अंडी गोळा केली गेली, पक्षी मारले गेले. दुसऱ्या महायुद्धात शत्रूला उतरता येऊ नये म्हणून इंग्लंडच्या सफक परगण्यातली किनाऱ्यालगतची कुरणं पाण्याखाली घातली गेली. १९४७ मध्ये तिथल्याच मिन्समेअर आणि हॅव्हरगेट बेटावर अव्होसेटनी पुन्हा घरटी केली. कुणी त्यांना आणून सोडलं नव्हतं. उथळ, खारं पाणी आणि उघडे उंचवटे मिळाले, तेवढं पुरलं. पुढे मिन्समेअरला मुद्दाम उथळ तळी खोदून त्यांत बेटं ठेवली गेली आणि पाण्याची पातळी फळ्यांनी हवी तशी राखली जाऊ लागली. अव्होसेटसाठी तिथली मुख्य देखभाल हीच: पाणी पोटापर्यंत येईल इतकं, त्याहून खोल नाही.